बुटातला सोल : कुणाला हवा, कुणाला नको

"डॉक्टर, एवढे पैसे घालून सोल करून घेतले, पण टाच काही दुखायची थांबत नाही!"

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून आलेल्या एका शिक्षिकेने पिशवीतून खोका काढला आणि माझ्या ठाण्याच्या दवाखान्यात टेबलावर ठेवला. आत पावलांच्या मापाने बनवलेले दोन सोल होते. मी ते हातात घेऊन पाहिले. काम चांगले होते. कमान बेताची उचललेली, टाचेसाठी नीट वाटी केलेली. बाईंच्या पावलाखाली धरून पाहिले, तर मापही बरोबर. दोष सोलात नव्हता.

"बाई, हे घालता कशात?" मी विचारले.

"बुटात."

"आणि बूट किती वेळ घालता?"

"सकाळी फिरायला जाते तेव्हा. रोज नाही जमत. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा अर्धा तास."

बाकीचा दिवस कसा जातो ते मी त्यांना सांगायला लावले. पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरात लादीवर अनवाणी. मग सपाट पातळ चप्पल घालून स्टेशन गाठायचे, पूल चढायचा-उतरायचा, लोकलमध्ये बहुधा उभे. शाळेत फळ्यासमोर उभे. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा ओट्यापाशी अनवाणी. आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला. दिवसाचे आठ-नऊ तास पाय भार सोसत होते आणि त्यांतला अर्धा तास, तोही दिवसाआड, सोल सोबतीला होता. उरलेला वेळ तो खोक्यात विश्रांती घेत होता!

वाचकहो, आजचा विषय हाच आहे. बुटात घालायचे सोल, टाचेच्या गाद्या, कमानीचे आधार यांच्या जाहिराती हल्ली सगळीकडे दिसतात. कुणी म्हणते गुडघेदुखी जाते, कुणी म्हणते कंबर सुधारते. यात खरे किती, कुणी घ्यावे, कुणी घेऊ नये, हे समजून घेऊ. आणि ज्या एका प्रकारच्या रुग्णाने याकडे मुळीच दुर्लक्ष करू नये, त्याच्याविषयी शेवटी माझ्याच चुकीची एक गोष्ट सांगणार आहे. ती वाचल्याशिवाय लेख खाली ठेवू नये, ही विनंती.

पावलाचे बांधकाम

एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ होतात. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण २०६ हाडे, म्हणजे चौथा हिस्सा हाडे पावलांतच आहेत. ही हाडे सांध्यांनी आणि मजबूत बंधांनी एकमेकांना बांधलेली असून त्यांची मिळून कमान तयार होते. टाचेखाली चरबीची एक गादी असते. ती लहान लहान कप्प्यांची असल्यामुळे चरबी बाजूला पसरत नाही आणि दणका शोषला जातो. वय वाढले की ही गादी हळूहळू पातळ आणि कमी लवचिक होते.

टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा एक जाड पट्टा तळव्यात असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पाऊल उचलताना टाच वर येते, बोटे मागे वळतात, हा पट्टा बोटांच्या मुळाभोवती ओढला जातो आणि कमान वर उचलली जाते. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तसाच हा प्रकार. जे. एच. हिक्स या ब्रिटिश संशोधकाने १९५४ साली या क्रियेला रहाटाचीच उपमा दिली होती.

आता सकाळी उठल्याबरोबर टाच का दुखते ते ध्यानात येईल. रात्रभर पाऊल खाली झुकलेले असते, पट्टा आखडतो. सकाळी पहिले पाऊल टाकताच तो एकदम ताणला जातो आणि टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालले की पट्टा सैल होतो व दुखणे कमी वाटते. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी ते पुन्हा डोके वर काढते. चाळिशी-पन्नाशीतली टाचदुखी बहुतेक वेळा अशी असते. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले म्हणून पुष्कळ लोक घाबरून येतात. पण असे वाढलेले हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांतही सापडते. तेव्हा केवळ त्या हाडाला दोष देऊन चालत नाही.

सोल काय करतो?

सोलाची कामे मुख्यतः तीन. पहिले, भार वाटून देणे. एकाच जागी पडणारा दाब तळव्याच्या जास्त भागावर पसरवला की दुखऱ्या जागेला उसंत मिळते. दुसरे, पावलाला नको त्या दिशेने कलू न देणे. कमान फार खचत असेल किंवा पाऊल बाहेरच्या कडेवर पडत असेल, तर सोलाची कड किंचित उचलून त्याला अटकाव करता येतो. तिसरे, दणका शोषणे.

यांतले कुठले काम हवे आहे त्यावर सोल कशाचा करायचा हे ठरते. आधार द्यायचा असेल तर पॉलिप्रॉपिलीनसारखे कडक प्लास्टिक किंवा घट्ट ईव्हीए वापरतात. दाब कमी करायचा असेल तर मऊ फोम किंवा एम.सी.आर. म्हणजे बारीक छिद्रांचे मऊ रबर वापरतात. कडक सोल मऊ सोलाचे काम करत नाही आणि मऊ सोल कडक सोलाचे. म्हणूनच शेजारणीला गुण आला तोच सोल आपल्यालाही येईल असे नाही. दुसऱ्याचा चष्मा आपण लावत नाही, तसेच हे आहे. चष्म्याशी आणखीही एक साम्य आहे. चष्मा डोळ्यांवर असतो तोवरच नीट दिसते. सोलही पायाखाली असतो तोवरच काम करतो. तो औषध नव्हे, साधन आहे.

टाचदुखी : आधी काय, मग काय?

टाचदुखीसाठी लगेच मापाचा महागडा सोल करून घ्यावा का? माझे उत्तर, बहुतेकांनी नाही.

ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाचदुखीच्या १३५ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला नावापुरता पातळ मऊ सोल, दुसऱ्याला दुकानात मिळणारा तयार घट्ट सोल आणि तिसऱ्याला पावलाच्या मापाने बनवलेला सोल दिला. तीन महिन्यांनी तयार सोलवाले आणि मापाच्या सोलवाले यांचे चालणे-फिरणे नावापुरता सोल घेणाऱ्यांपेक्षा थोडे बरे होते. पण त्या दोघांत आपसात म्हणण्यासारखा फरक नव्हता. वर्षअखेरीस तर तिन्ही गट जवळजवळ सारखेच. याचा अर्थ दोन गोष्टी. सोलाने सुरुवातीचे काही महिने सुसह्य होतात, आणि साध्या टाचदुखीत तयार सोल मापाच्या सोलाइतकाच उपयोगी पडतो. बहुतेकांची टाचदुखी वर्षभरात बरी होतेच. प्रश्न ते वर्ष कसे काढायचे हा असतो.

म्हणून मी पुढील क्रम सांगतो.

एक, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी व्यायाम. बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा. हाताने बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढावीत, म्हणजे तळव्यातला पट्टा दोरीसारखा ताठ लागेल. दहा अंक मोजेपर्यंत धरावे, सोडावे. असे दहा वेळा. दिवसातून तीनदा करावे, पण पहिली वेळ पहिले पाऊल टाकण्याआधीच.

दोन, पोटरीचा ताण. भिंतीला हात टेकून उभे राहावे. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुकावे. मागच्या पोटरीला ताण बसला की तीस अंक मोजावेत. असे तीन वेळा.

तीन, घरात अनवाणी चालणे बंद. इथे आमच्या काकू-मावशा थबकतात. "घरात चप्पल? आमच्या सासूबाईंना चालायचे नाही." मी त्यांना सांगतो की बाहेरची चप्पल घरात आणू नका. घरापुरती वेगळी, मऊ तळाची, धुता येणारी जोडी ठेवा. देवघरापाशी ती बाजूला काढा. तेही पटत नसेल तर निदान ओट्यापाशी जाड रबरी चटई किंवा चार पदरी गोधडी घाला आणि तिच्यावर उभ्या राहा. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात ऑफिसचे काम घरून करणारे कितीतरी पुरुषही टाचदुखीची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. वर्षानुवर्षे बुटात राहिलेले पाय एकदम दिवसभर लादीवर आले होते. लादीचा हा त्रास बायका जन्मभर सोसतात, याची जाणीव त्यांतल्या काहींना तेव्हा झाली!

चार, पादत्राण बदलणे. अंगठ्यात अडकवायची पातळ सपाट स्लीपर स्टेशनच्या पुलासाठी नाही. टाचेला मागून पट्टा असलेली, तळ जाड व मधे न दुमडणारी, टाच किंचित उंच अशी चप्पल किंवा बूट घ्यावा.

पाच, एवढ्याने सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर तयार सोल. त्यानेही भागले नाही, किंवा पावलाची ठेवणच वेगळी असेल, तर मापाचा.

शिक्षिका बाईंना मी नवे काहीच दिले नाही. त्यांचे सोल चपलेत बसतील असे करून घेतले. मागे पट्टा असलेली व आतला तळ काढता येणारी चप्पल मिळते, तीत ते बसले. शाळेत आणि लोकलमध्ये आता सोल पायाखाली असतात. घरात रबरी तळाची जोडी आणि सकाळचा व्यायाम. परवा त्यांचा फोन आला. दुखणे अजून पूर्ण गेलेले नाही, पण सकाळी भिंत धरून चालावे लागत नाही.

मुलांचे सपाट पाय

आई-आजी मुलाला घेऊन येतात. ओल्या पावलाचा ठसा लादीवर पूर्ण उमटतो, कमान दिसत नाही. पुढे पोलीस किंवा सैन्य भरतीत अडचण येईल ही वडिलांची भीती. "आत्ताच सोल लावून कमान तयार करून टाका."

लहान मुलाच्या तळव्यात चरबी भरपूर असते आणि सांधे सैल असतात. कमान आकाराला यायला आठ-दहा वर्षांचे वय उजाडते. एक सोपी परीक्षा घरी करा. मुलाला चवड्यांवर उभे करा आणि मागून पाहा. उभे राहताच कमान दिसू लागली, तर पाऊल लवचिक आहे. ते दुखत नसेल, मूल पळत-खेळत असेल, तर काहीही करायला नको. अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा मुलांना तीन वर्षे खास बूट व सोल वापरायला देऊन १९८९ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना काहीच दिले नव्हते त्या मुलांची पावले जितकी सुधारली, तितकीच यांचीही. सोलाने कायमची कमान तयार होत नाही. पाऊल ताठ असेल, दुखत असेल, मूल खेळायचे टाळत असेल किंवा एकच पाय सपाट असेल, तर मात्र जरूर दाखवा.

मापाचा सोल खरोखर कुणाला?

चवड्यात, बोटांच्या मुळाशी दुखणाऱ्यांना छोटी उंच गादी लावलेला सोल चांगला उपयोगी पडतो. पण ही गादी दुखऱ्या जागेच्या खाली नव्हे, तर तिच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला लागते. जागा बोटभर चुकली की दुखणे उलट वाढते. संधिवाताने पावलांची हाडे सरकलेले रुग्ण, अपघातानंतर किंवा पोलिओमुळे एक पाय आखूड असलेले, पावलाची ठेवण ताठ व वाकडी असलेले, यांना तयार सोल पुरत नाही. यांच्यासाठी मापाचा सोल ही चैन नाही. त्याच्यावर त्यांचे रोजचे चालणे अवलंबून असते. गुडघेदुखी आणि कंबरदुखी सोलाने जातेच असे मात्र कुणी छातीठोक सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा वर्ग. ज्यांचे पाय दुखतच नाहीत असे लोक! म्हणजे मधुमेहाने ज्यांची पावले बधिर झाली आहेत ते.

माझी चूक

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्याणचे एक निवृत्त गृहस्थ चवड्याखालच्या घट्ट्यासाठी माझ्याकडे आले. मधुमेह बारा वर्षांचा. "पाय जड वाटतात, कापसावर चालल्यासारखे वाटते," असे ते म्हणाले होते. त्या वाक्याने मी सावध व्हायला हवे होते. बाहेर गर्दी होती. मी घट्टा पाहिला, मापाचे सोल लिहून दिले आणि पुढचा रुग्ण बोलावला. पावलाची संवेदना तपासली नाही. सोल कोणत्या बुटात घालणार हेही विचारले नाही.

सोल तयार झाले. गृहस्थांनी ते आपल्या जुन्या, आधीच बेताच्या बुटात बसवले. सोलाच्या जाडीमुळे पाऊल वर उचलले गेले आणि करंगळी बुटाच्या कडेला दाबली जाऊ लागली. तुमचे-माझे पाऊल असते तर तासाभरात बूट काढून फेकला असता. त्यांना काहीच कळले नाही. करंगळीवर फोड आला, फुटला, जखम झाली. आठ-दहा दिवसांनी धुण्याच्या मोज्यावर डाग दिसला तो त्यांच्या पत्नीला. तोवर जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला होता. करंगळी काढावी लागली.

त्या गृहस्थांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. "दुखलेच नाही हो डॉक्टर, दुखले असते तर आलो असतो," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून मधुमेहाच्या रुग्णाचे बूट-मोजे काढल्याशिवाय मी औषधाची चिठ्ठी लिहीत नाही.

हे ज्ञान आपल्याच देशात फार आधी मिळालेले होते. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक स्वातंत्र्याच्या सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करू लागले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटांचा नाश होतो तो मुख्यतः वेदना नाहीशी झाल्यामुळे. खडा टोचला, चप्पल चावली, भाजले तरी कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. त्यातूनच बधिर पावलांसाठी मऊ रबराच्या चपला पुढे आल्या. आपल्याकडे आजही 'एम.सी.आर. चप्पल' म्हणून ओळखतात ती हीच. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात सरकारी आरोग्ययंत्रणेतून ती दिली जाते. कल्याणच्या पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. तिथल्या सेवेसाठी माजी नौसैनिक गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मधुमेहाचे बधिर पाऊल आणि कुष्ठरोगाचे बधिर पाऊल, दोघांचा धोका एकच आणि काळजीही एकच.

आज रात्री घरच्या घरी एक तपासणी करा. मधुमेही व्यक्तीला झोपवून मोजे काढावेत, डोळे मिटायला सांगावेत. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना प्रत्येकी एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, घासू नये, टोचू नये. स्पर्श जाणवताच त्यांनी 'हो' म्हणावे. दोन्ही पायांचे मिळून सहा स्पर्श. दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असे समजावे आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. इंग्लंडमधील इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ही पद्धत रूढ केली. डॉक्टरांकडे याच कामासाठी नायलॉनचा एक बारीक धागा असतो. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. मधुमेहींनी वर्षातून किमान एकदा ही तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

ज्यांना स्पर्श कळत नाही त्यांनी घरात किंवा बाहेर, कुठेही अनवाणी चालू नये. देवळात जाताना मोजे घालावेत. उन्हात तापलेल्या फरशीवर तर पाऊल टाकूच नये. पाय शेकू नयेत. घट्टे-कुरुपे घरी ब्लेडने कापू नयेत. त्यांचा सोल मऊ, मापाचा आणि पुरेशी खोली असलेल्या पादत्राणातच हवा.

करून घेताना

सोल करणाऱ्या तंत्रज्ञाला प्रॉस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट म्हणतात. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली आणि या मंडळींची नोंदणी तिच्याकडे होते. नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. तिथे अशी साधने बनवण्याचा विभाग आहे. ठाण्या-कल्याणकडच्यांनी दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरावे. गुंतागुंतीच्या पावलांसाठी तिथे जाण्याचा त्रास सार्थकी लागतो.

माप प्लास्टरचा साचा घेऊन, फोमच्या खोक्यात पाऊल दाबून किंवा हल्ली संगणकाच्या स्कॅनरने घेतात. यंत्र नवे म्हणून सोल चांगला, असे समजू नये. तुम्हाला चालायला लावून, पाऊल हातात घेऊन, सांधे हलवून पाहणारा माणूस जास्त महत्त्वाचा. जत्रेत किंवा मॉलमध्ये यंत्रावर उभे करून पाच मिनिटांत सोल विकणाऱ्यापासून दूर राहावे.

जाताना रोजचे बूट, चपला आणि घरातली जोडी, सगळे सोबत न्यावे. त्यांचे तळ कुठे झिजलेत यावरून पुष्कळ कळते. दिवसातले किती तास कुठे आणि कशात उभे असता ते सांगावे. नवे पादत्राण संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसाखेर पाय थोडे सुजलेले असतात. सोल बसवताना बुटातला मूळचा आतला तळ काढून टाकावा, नाहीतर जागा कमी पडते. पैसे ठरवतानाच दुरुस्तीचे वेगळे द्यावे लागतील का, हे विचारून घ्यावे.

नवा सोल पहिल्या दिवशी तासभरच वापरावा. रोज एकेक तास वाढवत आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ण दिवसावर यावे. काढल्यावर तळवा, बोटांच्या फटी आणि कडा पाहाव्यात. खाली वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. अर्ध्या तासानंतरही लाली गेली नाही तर त्या जागी सोल लागतो आहे. तो वापरणे थांबवून दुरुस्त करून घ्यावा. "सवय होईल" असे म्हणून रेटू नये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जावेच. मऊ सोल काही महिन्यांत दबतो. अंगठ्याने दाबल्यावर वर येत नसेल तर त्याचे आयुष्य संपले.

थांबू नये अशी लक्षणे

मधुमेह असताना पाऊल लाल, गरम आणि सुजलेले दिसले, मग ते दुखो वा न दुखो, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्या पायावर भार देऊ नये. जखम, काळे पडलेले बोट, दुर्गंधी, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे, पोटरीत अचानक सूज, यांवर सोल हा उपाय नाही.

तात्पर्य, पाय दुखतो म्हणून लगेच सोलाच्या मागे धावू नये, आणि पाय दुखत नाही म्हणून मधुमेहींनी निर्धास्त राहू नये. कल्याणचे ते गृहस्थ आजही दर तीन महिन्यांनी पाय दाखवायला येतात. दारातच बूट काढतात, आत येऊन खुर्चीवर बसतात आणि न सांगता पाय पुढे करतात. मीही आधी त्यांचे पाऊल पाहतो आणि मग कागद उघडतो. तुमच्या घरात मधुमेही कुणी असेल, तर आज रात्री जेवणानंतर टीव्ही लावण्याआधी त्यांचे मोजे काढायला सांगा. सहा स्पर्श, फार तर दोन मिनिटे. एवढे केलेत तरी हा लेख कारणी लागला, असे मी समजेन.